कळंबला दुरुस्त होईल अशी गाडी

यवतमाळ जिल्ह्यातलं कळंब बाहेरच्या माणसाला ठाऊक असतं ते चिंतामणी गणपतीमुळे. पण नकाशा उघडून बसलं की या गावाची आणखी एक ओळख समोर येते. बुटीबोरीहून निघून वर्धा, देवळी, कळंब, यवतमाळ, नांदेड, लातूर करत तुळजापूरला जाणारा राष्ट्रीय महामार्ग 361 इथून जातो. राळेगाव ओलांडून वडकीला पोचलं की राष्ट्रीय महामार्ग 44 लागतो, आणि त्या एकाच रस्त्याचं एक टोक श्रीनगरला तर दुसरं कन्याकुमारीला आहे. मोटारसायकलवर देश पाहायला निघणाऱ्याच्या दृष्टीनं कळंब आडबाजूला नाही, जवळपास मधोमध आहे. या भागातली कमावती झालेली मुलं आता शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीवरून साडेतीनशे-चारशे सीसीच्या गाडीकडे वळतात. लडाख नाहीतर कन्याकुमारी डोळ्यांपुढे असते, आणि गाडी घरी येताच पहिला प्रश्न पडतो तो हिला काय काय बसवायचं हा. बाजार त्याचं उत्तर द्यायला टपलेला आहे: ॲल्युमिनियमच्या पेट्या, जाडजूड क्रॅश गार्ड, चार-चार दिवे, उंच काच, वेगळा सायलेन्सर. माझं म्हणणं असं की ही यादी उलट्या टोकानं वाचायला हवी. लांब पल्ल्याच्या गाडीत कोणताही बदल करण्याआधी विचारायचं की हा बदल कळंबसारख्या तालुक्याच्या गावात, संध्याकाळी सहा वाजता, हाताशी असेल त्या सामानात दुरुस्त होईल का? ज्याचं उत्तर नाही असं येतं, त्याच्याशिवाय गाडी बहुतेक वेळा अधिक चांगली चालते.

तालुक्याचंच गाव मापाला का घ्यायचं? कारण लांबच्या प्रवासात गाडी मोठ्या शहरात फार थोडा वेळ असते. बाकीचा सगळा वेळ ती अशाच दोन गावांच्या मध्ये कुठेतरी असते, आणि बिघाडही तिथंच होतो. अशा गावात काय मिळतं हे नीट पाहावं. पंक्चरवाला असतो, वेल्डिंगचं दुकान असतं, ट्रॅक्टरच्या कामासाठी बसवलेलं लेथ असतं, ऑटो इलेक्ट्रिकचं काम करणारा असतो, सीट शिवणारा असतो, आणि शेतकऱ्यांच्या रोजच्या गाड्या वर्षानुवर्षं चालत्या ठेवणारे मिस्त्री असतात. केबल, प्लग, बल्ब, फ्यूज, इंजिन ऑइल, नट-बोल्ट यांची वाण नसते. परदेशी बनावटीच्या पेटीचं कुलूप, खास मापाचा रेडियल टायर किंवा फोनवरच्या ॲपवर चालणारा दिव्यांचा कंट्रोलर मात्र मिळत नाही. यात गावाची काही उणीव नाही. जी वस्तू तिथं रोज कुणाला लागत नाही ती तिथं नसणारच. प्रवासाला निघणाऱ्यानं आपली गरज त्या दुकानांच्या मापात बसवून घ्यावी, हे जास्त शहाणपणाचं.

पहिला खर्च इंजिनावर होतो, म्हणून तिथूनच सुरुवात करू. लांबच्या प्रवासाला मोठं इंजिन लागतंच, ही समजूत आकड्यांपुढे फारशी टिकत नाही. दोन माणसं आणि सामान धरून गाडीचं एकूण वजन 350 किलो मानलं आणि सपाट रस्त्यावर ताशी 80 किलोमीटर वेग धरला, तर वाऱ्याचा विरोध आणि टायरचं घर्षण यांवर मात करायला चाकाशी साधारण सात ते आठ अश्वशक्ती पुरते. शंभर मीटरला पाच मीटर चढणारा घाट त्याच वेगानं चढायचा म्हटलं तरी बारा-तेरा अश्वशक्तीत काम भागतं. साडेतीनशे सीसीच्या साध्या, हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाची ताकद वीसच्या आसपास असते. वेग वाढवला की हिशेब झपाट्यानं बदलतो, कारण वाऱ्यावर मात करायला लागणारी शक्ती वेगाच्या घनात वाढते. ताशी 80 वरून 110 वर गेलं की ती अडीचपटीच्या पुढे जाते. पण तो वेग वापरायचा कुठं? केंद्र सरकारनं 2018 साली ठरवलेल्या मर्यादेनुसार दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर मोटारसायकलला ताशी 80 आणि इतर रस्त्यांवर 60 किलोमीटरची परवानगी आहे. शेजारच्या वर्धा जिल्ह्यातून जाणाऱ्या, नागपूर-मुंबई 701 किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर दुचाकीला प्रवेशच नाही. त्यात 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या दुचाकीवर 18 टक्के आणि त्यापुढच्या दुचाकीवर 40 टक्के वस्तू व सेवा कर लागू झाला. या रेषेच्या अलीकडे थांबलं तर उरलेल्या पैशांत चांगलं हेल्मेट, जॅकेट, बूट, नवे टायर आणि एका मोठ्या प्रवासाचं पेट्रोल सहज निघतं.

यावर अनुभवी चालक म्हणतील की शक्ती केवळ वेगासाठी नसते, ती ट्रक ओलांडण्यासाठी राखीव लागते, आणि लहान इंजिन दिवसभर ताणून चालवलं की माणूसही थकतो. हे खरं आहे. चंद्रपूर-यवतमाळ पट्ट्यात कोळसा आणि सिमेंट वाहणारे ट्रक ज्यानं दुपदरी रस्त्यावर ओलांडले आहेत, त्याला राखीव ताकदीची किंमत सांगावी लागत नाही. पण ती ताकद किती हवी याला मर्यादा आहे, आणि तिच्याबरोबर येणारं वजन, उष्णता, टायरची झीज आणि सुट्या भागांची किंमत रोज मोजावी लागते. उंचीचा मुद्दाही याच अंगानं पाहावा. लडाखमध्ये पाच हजार मीटरच्या वर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्म्यावर येतो, तेव्हा प्रत्येक इंजिनाची ताकद त्या प्रमाणात घटते. तिथं उपयोगी पडतं ते हवेप्रमाणे पेट्रोलचं माप बदलणारं इंजेक्शन, आणि 2020 च्या बीएस-6 नियमांनंतरच्या साडेतीनशे सीसीच्या गाड्यांतही ते आहे. अवघड चढ पहिल्या गिअरमध्ये, दहाच्या वेगानं, पण न थांबता चढता आला म्हणजे झालं.

इंजिनापेक्षा कितीतरी महत्त्वाची, आणि जवळपास कुणीच न करणारी, गोष्ट म्हणजे वजनाची बेरीज. प्रत्येक गाडीच्या माहितीपुस्तकात तिचं स्वतःचं वजन आणि भारासह चालणारं कमाल वजन दिलेलं असतं. दोहोंतला फरक म्हणजे माणसं आणि सामान मिळून तिच्यावर चढवता येणारा भार. पुष्कळ गाड्यांत तो साधारण 150 ते 180 किलोच असतो. आता मांडून पाहा. चालक 75 किलो, मागचा माणूस 60, दोघांची हेल्मेटं, जॅकेटं आणि बूट मिळून 10. इथंच 145 झाले. त्यावर लोखंडी क्रॅश गार्ड सात-आठ किलोंचा, धातूच्या दोन पेट्या आणि त्यांची चौकट पंधरा ते अठरा किलोंची. पेट्या रिकाम्या असतानाच 170 चा आकडा आला. कपडे, पाणी, हत्यारं अजून बाहेरच आहेत. सामान नेण्यासाठी घेतलेल्या वस्तूनंच सामानाची जागा खाल्ली. कापडी किंवा रेक्झिनच्या दोन पिशव्या हेच काम तीन-चार किलोंत करतात. त्या उसवल्या तर सीट शिवणारा दहा मिनिटांत शिवून देतो, आणि गाडी आडवी पडली तर पायावर धातूची धार येत नाही. कुलूप नाही ही त्यांची उणीव खरी. रोज वेगळ्या लॉजवर उतरणाऱ्यानं पिशवी उचलून खोलीत नेली की तीही बहुतांशी भागते. मागे डिकी लावायचीच असेल तर केंद्राच्या नियमानं तिची लांबी 550, रुंदी 510 आणि उंची 500 मिलिमीटरपर्यंतच ठेवता येते, आणि ती मागच्या माणसाच्या जागेवर बसवली तर मग दुसरा माणूस बसवता येत नाही.

भार किती याइतकंच तो कुठं आहे हेही मोलाचं. मागच्या चाकाच्या आसाच्याही मागे लटकणारी जड डिकी त्या आसाभोवती गाडीला मागे दाबते आणि पुढचं चाक हलकं करते. मग ताशी सत्तर-ऐंशीला ट्रकचा झोत अंगावर आला की हँडल थरथरतं, आणि लोक टायरला किंवा वाऱ्याला दोष देतात. जड वस्तू, म्हणजे हत्यारं, सुटे भाग, पाणी, शक्य तितक्या खाली आणि पुढे, टाकीच्या जवळ बांधायच्या. मागे वर हलके कपडे. सामान बांधल्यावर मागच्या शॉकअपची स्प्रिंग दोन-तीन खाचा घट्ट करायची, टायरमध्ये दोन माणसांसाठी सांगितलेली हवा भरायची, आणि चेनचा ढिलेपणा भारासह पुन्हा तपासायचा, कारण मागचा भाग दबला की चेन ताणली जाते. रिकाम्या गाडीवर बरोबर वाटणारी चेन भाराखाली इतकी ताणलेली असू शकते की बेअरिंग आणि स्प्रॉकेट आतून झिजत जातात. या सगळ्याला खर्च काही नाही. पाने, हवेचं मापक आणि अर्धा तास एवढ्यात हे काम होतं. गाडी आपल्या गरजेप्रमाणे घडवण्याची खरी सुरुवात मी इथंच मानतो, आणि पन्नास हजारांचं सामान लावलेल्या कितीतरी गाड्यांत नेमकं हेच राहून गेलेलं असतं.

दिव्यांचा प्रश्न आमच्या भागात जिव्हाळ्याचा आहे. रात्री रस्त्यावर रोही किंवा रानडुक्कर आडवं येणं इथं नवलाचं नाही, आणि पांढरकवड्याकडे टिपेश्वरच्या जंगलाच्या बाजूनं जाणाऱ्याला तर सावध राहावंच लागतं. म्हणून जास्तीचे दिवे हवेत हा आग्रह समजण्यासारखा आहे. पण आधी हिशेब पाहावा. ताशी 80 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 22 मीटर. जनावर दिसून ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद धरला तरी 33 मीटर जातात, आणि कोरड्या रस्त्यावर चांगले ब्रेक लागूनही थांबायला आणखी चाळीसेक मीटर लागतात. एकूण सत्तर-पंचाहत्तर. ताशी 100 ला हाच आकडा शंभर मीटरच्या वर जातो. खाली वळवलेला दिवा जेमतेम पन्नास-साठ मीटर नीट दाखवतो. म्हणजे मंजूर वेगातसुद्धा आपण नजरेच्या पुढे धावत असतो. यावर पहिला उपाय वेग साठच्या आत आणणं हा, आणि दुसरा दिव्याचा कोन सुधारणं. मागे सामान चढलं की गाडीचं नाक वर होतं, उजेड झाडांच्या शेंड्यांवर आणि समोरच्याच्या डोळ्यांत जातो, आणि आपल्यापुढचा रस्ता अंधारात राहतो. स्प्रिंग घट्ट करून, गाडी भिंतीपुढे उभी ठेवून हेडलाइटचा स्क्रू अर्धा-एक फेरा फिरवला की पुष्कळांची जास्त दिव्यांची गरजच संपते. तरीही दिवे लावायचे तर 40 वॅटचे दोन दिवे 12 व्होल्टवर साडेसहा-पावणेसात अँपिअर ओढतात हे ध्यानात घ्यावं. फोनचं चार्जिंग आणि मूळ दिवा चालू असताना, गर्दीत मंद चालणाऱ्या इंजिनाला इतकी वीज भरून काढणं जड जातं, आणि बॅटरी हळूहळू उतरते. वायर जोडायचीच असेल तर बॅटरीपासून स्वतंत्र, वेगळा फ्यूज आणि रिले घालून जोडावी. मूळ वायरिंग सोलून चिकटपट्टीनं केलेला जोड पहिल्याच मोठ्या पावसात पाणी धरतो. आणि असा बिघाड शोधणं सर्वांत कठीण, कारण गाडी एरवी ठणठणीत असते आणि मधूनच बंद पडते.

टायर आणि चाकांच्या बाबतीत विदर्भाची माती आपला नियम सांगते. पांदण रस्त्यावर बाभळीचे काटे आणि पावसाळ्यात काळ्या कपाशीच्या जमिनीचा चिखल, या दोन गोष्टी धरूनच चाकाचा विचार व्हायला हवा. काळी माती ओली झाली की टायरला चिकटते, थरावर थर चढतात आणि खालचं मडगार्ड असलेल्या गाडीचं पुढचं चाक अक्षरशः फिरायचं थांबतं. अशा वाटेनं रोज जाणाऱ्याला उंच मडगार्डची गाडी घेणं किंवा कंपनीचंच तसं मडगार्ड बसवणं हा उपयोगी बदल आहे. केवळ महामार्गानं फिरणाऱ्याला त्याची गरज नाही. ट्यूबलेस टायरमध्ये काटा घुसला तर हवा सावकाश जाते आणि वात भरून दहा मिनिटांत पुढे निघता येतं, त्यामुळे डांबरी प्रवासाला ॲलॉय चाक आणि ट्यूबलेस हीच जोडी सोयीची. मात्र खड्ड्यात आपटून ॲलॉयला तडा गेला तर ते तालुक्यात सरळ होत नाही, आणि आऱ्यांचं चाक मात्र जुना मिस्त्री नजरेनं सरळ करतो. 2016 साली आलेल्या पहिल्या हिमालयन गाडीला पुढे 21 इंची आणि मागे 17 इंची, आऱ्यांची आणि ट्यूबची चाकं होती. खराब रस्त्याला ती उत्तम, पण 21 इंची ट्यूब लहान गावात मिळणं दुरापास्त. ती सोबत ठेवायची. अडीअडचणीला तीच मागच्या चाकातही तात्पुरती चालून जाते. दिसायला रुबाबदार म्हणून मागे मूळ मापापेक्षा रुंद टायर घालण्याची हौस मात्र टाळावी. अरुंद रिमवर रुंद टायर आवळला जातो, त्याची कड गोल होते, वळणावर गाडी जड होते, आणि तो फुटला तर त्या मापाचा दुसरा टायर वाटेत सापडत नाही.

उन्हाळ्याबद्दल गैरसमज फार. मे महिन्यात यवतमाळ-वर्ध्याकडे पारा 45 अंशांपर्यंत जातो. त्वचेचं तापमान साधारण 35 अंश असतं. हवा त्याहून गरम झाली की अंगावर येणारा वारा शरीराला थंड करत नाही, उलट तापवतो. थंडावा मिळतो तो फक्त घाम वाळण्यातून. म्हणून अर्ध्या बाहीचा शर्ट घालून ताशी ऐंशीनं जाणारा माणूस झपाट्यानं कोरडा पडतो. विदर्भातला माणूस उन्हात दुपट्टा बांधल्याशिवाय बाहेर पडत नाही, त्यामागे हेच शास्त्र आहे. जॅकेट घालायचंच, आत ओला सुती सदरा घालायचा, वाऱ्याची छिद्रं थोडी उघडी ठेवायची, आणि दुपारी बारा ते चार सावलीत काढायचे. इंजिनाचंही असंच. त्याच्या पुढे दिवे, पाट्या आणि जाड गार्ड बसवून आपण ज्या हवेवर ते थंड होतं तीच अडवतो. रेडिएटरवर बारीक जाळी लावली तर दगड अडतो खरा, पण काळ्या मातीनं ती बुजली की पाणी उकळायला लागतं. ती जाळी रोज धुवावी लागते हे विकणारा सांगत नाही.

सायलेन्सरवर लिहिताना मला मनापासून वाईट वाटतं, कारण या एका बदलानं मोटारसायकलवरून फिरणाऱ्या सगळ्यांविषयी गावोगाव नाराजी निर्माण केली आहे. मोठ्या आवाजानं समोरचा सावध होतो, असा युक्तिवाद केला जातो. पण सायलेन्सरचं तोंड मागे असतं. आवाज सर्वांत जास्त जातो तो ज्याला आपण ओलांडून आलो त्याच्याकडे, आणि काच बंद करून गाणी लावलेल्या ट्रकवाल्याला तो जवळ येईपर्यंत ऐकूच येत नाही. चालकाचं नुकसान त्याहून मोठं आहे. ताशी शंभरच्या आसपास हेल्मेटच्या आत नुसत्या वाऱ्याचाच आवाज 90 डेसिबलच्या पुढे जातो, म्हणून लांबचे प्रवासी कानात बोळे घालतात. त्यावर सायलेन्सरचा धडधडाट आठ तास ऐकला की थकवा आणि चुका दोन्ही वाढतात. शिवाय बीएस-6 गाडीत सायलेन्सरला जोडून धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि प्राणवायू मोजणारा सेन्सर असतो. तो रस्ता मोकळा केला की संगणकाचं पेट्रोलचं माप चुकतं, गाडी गरम होते, ॲव्हरेज घटतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 190 प्रमाणे आवाज किंवा धुराचे नियम मोडणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 10 हजार रुपयांपर्यंत दंड, आणि तीन महिने परवाना गमावण्याची पाळी येऊ शकते. चिंतामणीच्या यात्रेत किंवा परीक्षेच्या दिवसांत शाळेपुढून जाताना त्या आवाजाचा त्रास कुणाला होतो, याचाही विचार गाडी आवडणाऱ्या माणसानंच करायला हवा.

कायद्याचा विषय निघालाच आहे तर सगळे करतात, कोण पकडतं, या आक्षेपाला उत्तर द्यायला हवं. कलम 52 नुसार नोंदणीत लिहिलेल्या आणि उत्पादकानं ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या सुधारणेनं बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे 5 हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. रंग पूर्ण बदलला तरी परिवहन कार्यालयात नोंद करावी लागते. आपल्याकडची एमएच-29 पाटी ओळखीच्या नाक्यावर सुटून जाईलही; राजस्थानात किंवा हिमाचलात तीच गाडी परकी असते. आणि पोलिसापेक्षा विमा कंपनीची भीती मोठी धरावी, कारण न कळवलेला बदल अपघातानंतर भरपाई नाकारायला कारण ठरू शकतो. घरापासून दीड हजार किलोमीटरवर, हाड मोडलेलं असताना, तो वाद घालायची कुणाला ताकद असते? नियमामागे तर्कही आहे. पुण्यात 1966 साली स्थापन झालेल्या एआरएआयसारख्या संस्था प्रत्येक नव्या गाडीचे ब्रेक, आवाज, धूर, दिवे तपासून मंजुरी देतात. ती मंजुरी सबंध गाडीला असते, आणि एक भाग बदलला की त्या चाचणीचं संरक्षण तेवढ्यापुरतं संपतं. हे गाड्या बनवणाऱ्यांनाही उमगलं आहे. बजाजनं ऑक्टोबर 2021 मध्ये डोमिनार 400 ला उंच काच, हातांचं संरक्षण, इंजिनाखालची पत्रा-ढाल, लेगगार्ड, कॅरिअर आणि चार्जिंगची सोय कारखान्यातूनच बसवून दिली. महाराष्ट्रात बनणाऱ्या गाडीला प्रवासाचा सरंजाम असा तपासूनच मिळू लागला, तर बाहेरून जोडत बसण्याचं कारण आपोआप कमी होतं. कंपनीचं सामान महाग पडतं हे मान्य. पण ते मूळ बोल्टांच्या जागी बसतं, चौकटीला छिद्र पाडावं लागत नाही, आणि विकताना उतरवून ठेवता येतं.

सर्वांत वजनदार आक्षेप वेगळा आहे. आजच्या गाडीत संगणक, सेन्सर, एबीएस असतं. ती कळंबला तशीही दुरुस्त होत नाही, मग हे माप लावून उपयोग काय? प्रश्न रास्त आहे, पण त्यात दोन प्रकारचे बिघाड एक झाले आहेत. इंजेक्शन आणि एबीएसचे भाग बंद डब्यात असतात, त्यांना झीज कमी. रस्त्यावर गाडी थांबवतात ते पंक्चर, तुटलेली क्लच केबल, ढिली किंवा तुटलेली चेन, वाकलेला लिव्हर, उतरलेली बॅटरी, उडालेला फ्यूज, झिजलेले ब्रेक पॅड, निसटलेला बोल्ट. यातलं एकही काम असं नाही जे तालुक्यात होणार नाही, फक्त त्या मापाचा सुटा भाग आपल्या पिशवीत हवा. एक केबल, दोन्ही लिव्हर, एक ट्यूब, चेनची जोडकडी, चार फ्यूज, पॅडचा एक संच: वजन तीन किलोंच्या आत. आणि संगणकाचे बिघाड मूळ वायरिंग शाबूत असताना जेवढे होतात, त्याहून वायरिंगला हात घातल्यावर जास्त होतात. मूळ रचना जितकी अस्पर्श, तितकी ती गाडी लहान गावातही चालती राहण्याची शक्यता अधिक. गाडी आपल्या आवडीची दिसावी ही हौस मी खोटी मानत नाही. टाकीवरचा रंगाचा पट्टा, पिशव्यांचं कापड, सीटची शिलाई यांत ती मनसोक्त करता येते. ब्रेक, चाक, वायर आणि सायलेन्सर यांत करायची नसते.

आणि शरीराशी गाडी जुळवण्याच्या कामात तर तालुक्याचं गाव मोठ्या शहराच्या पुढे आहे. सीट, हँडल आणि फूटरेस्ट या तीन बिंदूंवर माणूस दिवसभर टेकलेला असतो. गुडघ्याचा कोन फार अरुंद असेल तर दोन तासांत पाय आखडतात. हँडल फार पुढे असेल तर तळव्यांना मुंग्या येतात. सीट पुढे उतरती असेल तर माणूस टाकीकडे सरकत राहतो आणि सगळं वजन मनगटांवर येतं. बाजारातली महागडी जेलची गादी सगळ्यांसाठी एकाच मापाची असते. सीट शिवणारा समोर बसवून, फोम कापून, मांडीखाली रुंदी आणि मागे थोडा उठाव देऊन त्याच माणसाच्या मापाची सीट करून देतो, आणि नाही जमली तर पुन्हा कापतो. मूळ सीट मात्र जपून ठेवावी, दुसरी जुनी सीट घेऊन तिच्यावर हे काम करावं. हँडल उंच करायचं तर दोन-अडीच सेंटिमीटरपर्यंतच; त्यापुढे क्लचची केबल आणि ब्रेकची नळी पूर्ण वळणावर ताणल्या जातात. हँडल दोन्ही टोकांना वळवून, नळ्या ढिल्या राहतात का हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय दुकान सोडू नये. मागे बसणाऱ्याच्या पायऱ्या, पकडायची दांडी आणि साडी-ओढणी चाकात जाऊ नये म्हणून असलेलं आवरण कायद्यानं लागतंच. दिसायला बरं म्हणून ते काढणं म्हणजे मागच्या माणसाच्या जिवाशी खेळणं, आणि आपल्याकडे ती मागची व्यक्ती पुष्कळदा आई किंवा पत्नी असते.

हे सगळं झाल्यावर लडाखच्या आधी चिखलदरा करावं. कळंबहून यवतमाळ, अमरावती, परतवाडा करत तो रस्ता साधारण 200 किलोमीटरचा आहे. त्यात चौपदरी आहे, दुपदरी आहे, सपाटीवरचं ऊन आहे आणि शेवटी अकराशे मीटरवर नेणारा घाट आहे. मोठ्या प्रवासाला जेवढं सामान न्यायचं तेवढंच बांधून, जो मागे बसणार आहे त्यालाच घेऊन जावं. घाट उतरताना ब्रेक तापून मऊ होतात का, पेट्या हलतात का, हँडल थरथरतं का, कोणत्या तासाला पाठ बोलायला लागते, हे तिथंच कळतं. परत आल्यावर कॅरिअरचे आणि क्रॅश गार्डचे सगळे बोल्ट पुन्हा पान्यानं तपासावेत, आऱ्या बोटानं वाजवून ढिल्या शोधाव्यात, चेन मोजावी, आणि हत्यारं, सुटे भाग सोडून जी वस्तू या प्रवासात पिशवीतून बाहेर निघाली नाही ती घरीच ठेवावी.